लाकडाचा नंदी आणि संगणकाचा नंदी

बारावीचा निकाल लागला की पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांतील घरांत एकच चर्चा सुरू होते: मुलाने, मुलीने पुढे काय शिकावे? पूर्वी या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. कोणी शिक्षक होई, कोणी परिचारिका, कोणी आयटीआय करून कारखान्यात लागे, कोणी शेती पाही. अलीकडे या यादीत एक नवे नाव आले आहे, ते म्हणजे ‘थ्रीडी ॲनिमेशन’. मुलाने ते मोबाईलवर पाहिलेले असते, नागपूरच्या एखाद्या संस्थेची जाहिरात वाचलेली असते, आणि तो म्हणतो, “बाबा, मला हेच शिकायचे आहे.” वडिलांस ही विद्या नेमकी काय ते ठाऊक नसते. आई विचारते, “याने पोट भरते का?” फी विचारावी तर ती काही ठिकाणी लाख-दोन लाखांच्या घरात जाते, म्हणजे लहानशा संत्राबागेचा एक अख्खा मृग बहार, नाहीतर कर्ज. घरात दोन दिवस अबोला राहतो आणि मग बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एकतर मुलाची हौस मुळातच खुडली जाते, किंवा कोणालाच काही न समजता पैसे भरले जातात.

या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत असे आम्हांस वाटते. म्हणून ही विद्या काय आहे, तिचा पाया कशाचा असतो, तो घरी घालता येतो की नाही, आणि पुढे पोटापाण्याची वाट कशी आहे, हे आम्ही आज शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगणार आहोत. मुलांनी वाचावेच, पण त्याहून अधिक आईबापांनी वाचावे अशी आमची इच्छा आहे.

घडविण्याची विद्या

कागदावर काढलेल्या बैलाच्या चित्रास लांबी आणि उंची असते. आपण कितीही डोकावलो तरी त्या बैलाची दुसरी बाजू दिसत नाही, कारण ती नसतेच. वऱ्हाड-नागपूरकडचा तान्हा पोळा आपल्या वाचकांस परिचित आहे. त्या दिवशी मुले जो लाकडी नंदी सजवून नेतात त्याची गोष्ट वेगळी. तो पुढून पाहता येतो, मागून पाहता येतो, उचलून पोटाखालूनही पाहता येतो. लांबी, रुंदी आणि उंची या तीन मिती त्याला आहेत. म्हणून त्याला त्रिमित म्हणावयाचे. असाच नंदी लाकडाऐवजी संगणकात घडविणे याला मॉडेलिंग म्हणतात, आणि त्या नंदीला चालता करणे याला ॲनिमेशन म्हणतात. या दोन वाक्यांत सगळी विद्या आली. बाकी आहे तो अभ्यास.

सुतार नंदी कसा घडवितो ते आठवावे. तो आधी लाकडाचा चौरस ठोकळा घेतो. त्याच्या एका अंगावर बाजूने दिसणारी आकृती आखतो, दुसऱ्या अंगावर समोरून दिसणारी. मग करवतीने मोठे तुकडे काढून टाकतो, वाकसाने आकार आणतो, पटाशीने बारकावे काढतो, आणि शेवटी घासून गुळगुळीत करतो. डोळे आणि कान तो आधी कोरीत बसत नाही. संगणकातही अगदी हाच क्रम आहे. काम सुरू करताच पडद्यावर एक ठोकळा दिसतो. त्याला आठ कोपरे, बारा कडा आणि सहा बाजू असतात. विद्यार्थ्याने हे कोपरे, कडा आणि बाजू हलवून आकार घडवावयाचा असतो. टेबलाचा खण ओढावा तशी ठोकळ्याची एक बाजू बाहेर ओढली की मान होते. खालून चार ठिकाणी ओढली की पाय होतात. वर दोन ठिकाणी ओढून टोकाशी निमुळती केली की शिंगे होतात. उजवे अंग डाव्यासारखेच असल्याने अर्धाच नंदी घडवावा. दुसरा अर्धा आरशातल्याप्रमाणे संगणक आपण होऊन उभा करतो.

मग हा चौकोनी नंदी गोल कसा होतो? १९७८ मध्ये एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क या दोन अमेरिकन संशोधकांनी यासाठी एक गणिती रीत मांडली. प्रत्येक चौकोनाचे चार लहान चौकोन करावयाचे आणि कोपरे थोडे थोडे आत घ्यावयाचे; असे दोन-तीनदा केले की रंधा मारल्याप्रमाणे धारा बोथट होऊन पृष्ठभाग गोलसर होतो. यामुळेच जाणते शिक्षक सांगतात की प्रथम थोडे कोपरे घ्या, आणि ते नीट ठिकाणी बसवा. नवखा विद्यार्थी उतावीळपणे हजारो कोपरे करून बसतो, आणि मग त्याला त्यांतला एकही सरळ करता येत नाही.

प्रत्येक कोपरा कोठे आहे हे संगणक तीन आकड्यांनी लक्षात ठेवतो. हे समजावयास वर्गात जाण्याची गरज नाही. आपल्या घराच्या खोलीचा खालचा कोपरा पाहावा. तेथे दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात. तेथून एका भिंतीलगत किती हात, दुसऱ्या भिंतीलगत किती हात आणि जमिनीपासून वर किती हात, हे तीन आकडे सांगितले की खोलीत टांगलेल्या कंदिलाची जागा नेमकी सांगता येते. शाळेत मुले ज्यास कंटाळतात ती आलेखाची भूमिती हीच होय; फक्त तिला एक दिशा अधिक आहे.

आता एक खरी हकिकत सांगतो. १९७५ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल नावाचे संशोधक संगणकात वस्तू घडविण्याचे काम करीत होते. त्यांना एक बऱ्यापैकी अवघड, पण ओळखीची वस्तू हवी होती. घरी चहा घेताना पत्नीने सुचविले की हीच किटली का करीत नाही? न्यूएल यांनी आलेखाचा कागद घेतला, घरच्या किटलीची आकृती पेन्सिलीने काढली, आणि कागदावरचे आकडे वाचून संगणकात घातले. ती किटली पुढे जगभरच्या संशोधकांनी आपापल्या प्रयोगांसाठी वापरली. मूळ किटली आज कॅलिफोर्नियातील संगणक संग्रहालयात ठेवलेली आहे. एवढ्या गाजलेल्या कामाची सामग्री काय? घरातले भांडे, आलेखाचा कागद आणि पेन्सिल.

आपल्या मुलांनी किटलीऐवजी तांब्या घ्यावा. त्याची उंची, गळ्याचा घेर, पोटाचा घेर मोजावा; कागदावर त्याच्या अर्ध्या अंगाची रेषा काढावी. संगणकात ती अर्धी रेषा मधल्या आसाभोवती फिरविली की तांब्या तयार होतो. ही तर कुंभाराच्या चाकाचीच युक्ती होय. ज्याने कुंभाराचा हात फिरताना पाहिला आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

वस्तू घडली की तिला रंग आणि पोत द्यावयाचा असतो. येथे एक अडचण येते: चित्र सपाट असते आणि वस्तू गोल. ते चित्र तिच्यावर चढवावे कसे? संत्रे सोलून त्याची साल पाटावर पसरून पाहावी. ती सहजासहजी सपाट होत नाही. कोठे फाटते, कोठे ताणली जाते. कोठे चीर द्यावी म्हणजे साल कमीत कमी फाटून पसरेल, हे ठरविणे म्हणजेच त्या अडचणीचा उलगडा. संगणकातील वस्तूचीही अशीच साल काढून सपाट पसरतात, तिच्यावर रंग भरतात आणि ती पुन्हा वस्तूवर बसवितात. संत्र्याच्या मुलुखातल्या मुलांना हा धडा कठीण जाऊ नये.

हलविण्याची विद्या

आता नंदीला चालवावयाचे आहे. त्यासाठी त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवितात, आणि कोणते हाड वळले की अंगाचा कोणता भाग हलावा ते ठरवितात. येथे संगणकाचे ज्ञान संपते आणि पाहण्याचे ज्ञान सुरू होते. बैलाच्या मागच्या पायात जो सांधा उलट्या दिशेने वळलेला दिसतो तो गुडघा नव्हे, ती त्याची टाच होय; गुडघा वर, पोटाजवळ असतो. चालताना तो आधी मागचा डावा पाय टाकतो, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. हा क्रम शहरातल्या चित्रकारांस पाठ करावा लागतो आणि तरीही चुकतो. नामांकित संग्रहालयांतील प्राण्यांच्या प्रतिकृतींत आणि चित्रांतही तो पुष्कळदा चुकलेला आहे, असे हंगेरीतील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. बैलगाडीमागून शाळेत गेलेल्या मुलाजवळ हे ज्ञान आयतेच आहे. फक्त त्याने ते एकदा जाणीवपूर्वक पाहून वहीत टिपून ठेवले पाहिजे.

हालचाल दाखविण्याची युक्ती जुनी आहे आणि ती आपल्या मराठी मुलुखात फार लवकर आली. त्र्यंबकेश्वरास १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी मुंबईस १९११ च्या सुमारास ख्रिस्तचरित्रावरील मूक चित्रपट पाहिला, आणि आपल्या देशातील कथाही अशाच पडद्यावर याव्यात असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्या रोपाच्या वाढीची चित्रे ठराविक अंतराने घेत राहिले. ती चित्रे एकामागून एक पडद्यावर दाखविताच बी रुजते आहे, कोंब वर येतो आहे, वेल वाढते आहे असे लोकांस दिसले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा तो छोटा चित्रपट पाहूनच पैशाची वाट मोकळी झाली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुढे त्यांनी आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून, दर वेळी चित्र घेऊन, त्या नाचविल्याही. संगणक जन्मास येण्यापूर्वीचे हे ॲनिमेशनच होय.

तत्त्व आजही तेच आहे. चित्रपटात सेकंदास बहुधा चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. एकेका चित्रास फ्रेम म्हणतात. संगणकात मात्र चोवीसही चित्रे हाताने करावी लागत नाहीत. पहिल्या फ्रेममध्ये नंदी येथे आहे आणि चोविसाव्या फ्रेममध्ये तेथे आहे, एवढे विद्यार्थ्याने सांगावयाचे. मधली चित्रे संगणक भरून काढतो. अशा ठरविलेल्या फ्रेमला की-फ्रेम म्हणतात. परंतु मधले अंतर त्याने कसे भरावे, सारख्या वेगाने की आधी हळू आणि मग जोराने, हे माणसासच ठरवावे लागते. तेथेच निर्जीव आणि सजीव यांतला फरक उत्पन्न होतो.

म्हणून जगभर या विद्येचा पहिला धडा एकच असतो: उसळणारा चेंडू. घरच्या अंगणात विद्यार्थ्याने एक चेंडू, एक संत्रे आणि कापसाचा एक बोळा एकाच उंचीवरून टाकून पाहावा. चेंडू उसळतो, पण दर खेपेस कमी उंच जातो. वर पोहोचताना तो मंद होतो आणि खाली येताना वेग घेतो. संत्रे एकदाच धप्प करून थोडे घरंगळते. कापूस तर जमिनीवर येण्यास वेळच लावतो. तिन्ही वस्तू संगणकात एकाच आकाराचे गोळे करून दाखवाव्यात, आणि केवळ चालीवरून कोणती कोणती हे पाहणाऱ्याने ओळखावे, अशी परीक्षा आईने किंवा धाकट्या भावंडाने घ्यावी. फेकलेला दगड हवेतून कमान घेत कसा जातो हे तर जाम नदीकाठच्या मुलांस सांगावयास नको. गोटमारीने ते पिढ्यान्‌पिढ्या अनेक घरांस रडवून शिकविले आहे. तीच कमान कोणाचे डोके न फोडता पडद्यावर नेमकी उमटविणे हे अधिक शहाणपणाचे कौशल्य नव्हे काय?

शेवटचा टप्पा उजेडाचा आणि कॅमेऱ्याचा. नाताळात घरोघरी गव्हाणीचा देखावा मांडताना दिवा कोठे ठेवावा यावर मुलांची खल होते. समोरून ठेवला तर सगळे सपाट दिसते. एका बाजूने ठेवला तर सावल्या पडून आकृत्यांना उठाव येतो. संगणकातही असेच दिवे मांडावे लागतात. मग संगणक प्रत्येक फ्रेमचे अंतिम चित्र तयार करतो. यास रेंडर करणे म्हणतात. एका फ्रेमला समजा दोन मिनिटे लागली, तर दहा सेकंदांच्या २४० फ्रेमना ४८० मिनिटे, म्हणजे आठ तास लागतील. एका मिनिटाच्या चित्रपटास तर अखंड दोन दिवस. विजेची ये-जा असलेल्या गावी हा हिशेब आधीच करावा, आणि प्रत्येक फ्रेम वेगळे चित्र म्हणून साठवून ठेवावी. मग वीज गेली तरी झालेले काम वाया जात नाही.

साधन फुकट आहे

आता खर्चाकडे वळू. या कामासाठी जे संगणकीय साधन लागते ते एके काळी श्रीमंत कंपन्यांनाच परवडे. आज ‘ब्लेंडर’ नावाचे साधन कोणासही, कोणत्याही कामासाठी, कायदेशीरपणे आणि विनामूल्य वापरता येते. चोरून घेतलेले साधन वापरण्याची यात गरजच उरत नाही, हे आम्हांस विशेष समाधानाचे वाटते.

हे कसे झाले ते जाणण्यासारखे आहे. नेदरलँड्समधील टॉन रोझेंडाल यांनी ब्लेंडरचे काम १९९४ मध्ये सुरू केले. पुढे त्यासाठी स्थापन झालेली कंपनी २००२ मध्ये बुडाली आणि साधन गुंतवणूकदारांच्या ताब्यात अडकले. एक लाख युरो दिल्यास ते सर्वांसाठी खुले करू, असे त्यांच्याशी ठरले. त्या वेळच्या दराने ही रक्कम चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या दरम्यान होते. जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली आणि अवघ्या सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्वांचे झाले. गावाने वर्गणी काढून विहीर बांधावी आणि ती सर्वांस खुली ठेवावी, त्यातलाच हा प्रकार.

फुकटचे म्हणून ते हलके, असा समज कोणी करून घेऊ नये. लाटव्हिया या लहान देशातील गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाने ‘फ्लो’ हा चित्रपट याच साधनाने केला. त्यात एका पुरात सापडलेल्या मांजराची कथा आहे आणि एकही संवाद नाही. मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला. मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांचे चित्रपट त्याच स्पर्धेत होते.

घरी काय लागते? आठ जीबी स्मृती असलेला, फार जुना नसलेला संगणक, आणि तीन कळांचा साधा माऊस. मोबाईलवर हे काम नीट शिकता येत नाही, हे मुलांनी आधीच समजून घ्यावे. साधन एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेटवाचूनही चालते. दोन-तीन घरांनी मिळून एक जुना संगणक घेतला आणि मुलांनी पाळ्या लावल्या तरी पुरेसे आहे. मुलींची पाळी शेवटी आणि तीही स्वयंपाक आटोपल्यावर, असे मात्र होऊ नये. या कामात अंगबळाचा प्रश्न नाही, चिकाटीचा आहे.

भाषेची अडचण खरी आहे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी घरी मराठी, शाळेत बहुधा हिंदी आणि संगणकात इंग्रजी ही आपल्या मुलांची तिहेरी कसरत चालूच आहे. पण या साधनातील रोजचे शब्द पन्नास-साठच असतात. हलविणे, फिरविणे, लहान-मोठे करणे, ओढणे, कापणे यांचे शब्द आणि कळा वहीत मराठी अर्थासह लिहून ठेवल्या तर पंधरवड्यात बोटांस सवय होते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने घरबसल्या शिकण्यासाठी छोटे पाठ तयार केले आहेत. त्यांत ब्लेंडरचेही पाठ आहेत, आणि हा प्रकल्प आपले पाठ मराठीसह भारतीय भाषांत आणीत असतो. मात्र २०१९ च्या २.८० या आवृत्तीपासून ब्लेंडरचा पडदा पुष्कळ बदलला. म्हणून जुने पाठ पाहताना तत्त्व शिकावे आणि कळीची जागा नव्याने शोधावी.

अभ्यासाचा क्रम आम्ही असा सुचवितो. पहिल्या महिन्यात तांब्या, पाट, चूल, बैलगाडीचे चाक अशा घरच्या वस्तू मोजून घडवाव्यात. दुसऱ्या महिन्यात लाकडी नंदी घडवून त्याला रंग आणि उजेड द्यावा. तिसऱ्या महिन्यात चेंडू, संत्रे आणि कापूस यांच्या चाली कराव्यात, आणि शेवटी दहा सेकंदांचे एकच दृश्य पुरे करावे. रोज अर्धा तास कागदावर पेन्सिलीने चित्र काढावे. हे सोडू नये, कारण देशातील नामांकित संस्थांचे दरवाजे त्यानेच उघडतात. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी आणि अहमदाबादची एनआयडी या ठिकाणी ॲनिमेशन शिकविले जाते. अशा डिझाइन संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत चित्रकला, निरीक्षण आणि कल्पकता पाहतात. कोणते साधन चालविता येते हे विचारीत नाहीत.

पोटाचा प्रश्न

आता आईचा प्रश्न. याने पोट भरते का? खरे उत्तर असे की भरते, पण सर्वांचे नाही, आणि सदासर्वकाळ नाही. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे परदेशी चित्रपटांचेही काम मोठ्या प्रमाणावर होते. परंतु २०१३ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातील वाघ घडविणाऱ्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळाला. मुंबईत आणि हैदराबादेतही त्या कंपनीची कार्यालये होती. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘टेक्निकलर’ हा जुना समूह कोसळला आणि बंगळुरातील कर्मचारी एकाएकी उघड्यावर पडले. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. शब्द लिहिले की चित्र आणि हालचालही उमटू लागली आहे, आणि ज्या हलक्या कामांवर नवशिके पूर्वी हात बसवीत ती यंत्राकडे जाऊ लागली आहेत. ही गोष्ट जाहिरातीत लिहिलेली नसते. म्हणून आम्ही येथे लिहितो.

मग शिकूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. त्रिमितीचे ज्ञान केवळ चित्रपटासाठी नाही. घर बांधण्यापूर्वी त्याची प्रतिकृती, कारखान्यात यंत्राचा भाग करण्यापूर्वी त्याची आकृती, दवाखान्यात कृत्रिम अवयवाचा नमुना या सर्वांत हीच दृष्टी लागते. साधने तेवढी वेगळी असतात. आपल्याच तालुक्यात बोरगावची औद्योगिक वसाहत आहे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत तर मँगनीज पोटात असलेल्या खडकांच्या एका मोठ्या मालिकेस ‘सौंसर समूह’ असेच नाव आहे, आणि जमिनीखालचा असा साठा कसा, कोठवर पसरला आहे हे खाणीचे लोक आज संगणकातील त्रिमित आकृतीवरून पाहतात. ज्याचा पाया पक्का आहे तो एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावू शकतो. ज्याने केवळ कळा दाबण्याचे पाठांतर केले आहे त्याला मात्र साधन बदलताच पुन्हा पहिलीत बसावे लागते.

म्हणून आईबापांस आमचे सांगणे असे. फी भरण्यापूर्वी मुलास किंवा मुलीस तीन महिने द्यावेत. या तीन महिन्यांत दहा सेकंदांचे एक दृश्य त्याने पुरे केले, चुकले ते मोडून पुन्हा केले आणि तरीही त्याची गोडी कमी झाली नाही, तर ती हौस नव्हे, ओढ आहे असे समजावे, आणि त्याच्या पाठीशी उभे राहावे. तीन आठवड्यांतच संगणकावर धूळ बसली तर रागावू नये. एक मृग बहार वाचला आणि मुलास स्वतःविषयी एक गोष्ट कळली, असा त्याचा अर्थ घ्यावा.

संस्था निवडण्याची वेळ आलीच, तर वडिलांनी स्वतः सोबत जावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. शिकविणाऱ्याने स्वतः केलेले काम दाखवाल काय? गेल्या वर्षीच्या सामान्य विद्यार्थ्यांचे काम पाहता येईल काय? मध्येच सोडावे लागल्यास किती फी परत मिळेल, हे लिहून द्याल काय? आणि नोकरीची हमी देत असाल, तर तिचे शब्द कागदावर आहेत काय? जेथे या चार प्रश्नांची सरळ उत्तरे मिळतात तेथेच बसावे. जेथे “आजच पैसे भरा, उद्या जागा राहणार नाही” अशी घाई केली जाते तेथून चहासुद्धा न घेता उठावे.

मुलांसाठी शेवटी एवढेच. तुमच्या गोठ्यात, कुंभाराच्या अंगणात, सुताराच्या माळ्यावर आणि संत्र्याच्या बागेत या विद्येचे निम्मे धडे रोज मांडलेले आहेत. शहरातली मुले तेच धडे पडद्यावरून शिकतात. उद्या सकाळी एक वही आणि मोजपट्टी घ्या, घरातला तांब्या पुढे ठेवा, आणि मोजावयास लागा.